घरच्या वाडीत ससेपालन: १ नर, ३ माद्या आणि रिकामं खुराडं

चिऱ्याचं_घर
गुहागर तालुक्यात नारळ-पोफळीची वाडी आहे. घरामागे कोंबड्यांचं जुनं खुराडं रिकामं पडलंय: ८ बाय ६ फूट, उंची ४ फूट, खाली माती, तीन बाजूंना षटकोनी कोंबडीजाळी, वर पत्रा. त्यात न्यूझीलंड व्हाइट जातीचा १ नर आणि ३ माद्या सोडायचा विचार आहे. हेतू: घरापुरतं मांस, वाडीला लेंडीखत, उरलं तर आसपास विक्री. हे खुराडं चालेल का? नसेल तर पिंजरे किती आणि कसे? खुराक विकतचा घ्यावा की वाडीतल्या पाल्यावर भागेल? आणि कोकणातल्या पावसात काय सांभाळायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं, ही विनंती.

तिखटमीठ
कोंबड्यांच्या खुराड्यात ससे? 'ससेहोलपट' शब्दाचा उगम सापडला म्हणायचा. :)
वाचतेय.

जाळीदार
खुराडं चालणार नाही.

पहिलं म्हणजे ती षटकोनी जाळी. कोंबडी आत राहावी एवढंच तिचं काम. तार पातळ असते, कुत्रं दातांनी ओढून फाडतं, मुंगूस खालून उकरून येतं आणि सशाची पिल्लं त्या एक इंची भोकातून बाहेर पडतात. दुसरं म्हणजे माती. न्यूझीलंड मादी एका रात्रीत हातभर बीळ काढते, चार दिवसांत कुंपणापलीकडे निघते. तिसरं, तीन माद्या आणि नर एकत्र सोडले तर कोण कधी गाभण राहिली ते कळत नाही, माद्या एकमेकींची घरटी उकरतात आणि नर व्यायलेल्या मादीला त्याच दिवशी पुन्हा गाभण करतो.

मग काय हवं? वेल्डमेशचे, म्हणजे वेल्डिंग केलेल्या कडक चौकोनी जाळीचे पिंजरे. मादीला ३ बाय २ फूट, उंची दीड फूट. नराला २ बाय २ पुरतो. तळाला १४ गेजची अर्धा बाय एक इंची जाळी, बाजूंना आणि वर एक बाय दोन इंची चालते. पण मादीच्या पिंजऱ्याच्या बाजूंना खालचे ४ इंच तळाचीच बारीक जाळी लावा, कारण आचळाला लोंबकळत पेटीबाहेर आलेलं पिल्लू मोठ्या भोकातून खाली पडतं. तळाची जाळी बसवताना अर्ध्या इंचावरच्या जवळजवळ तारा वर यायला हव्यात, आडव्या लांबच्या तारा खाली. उलटी बसवली की पायाला टोचते.

घेताना दुकानदाराला विचारा, जाळी वेल्डिंगनंतर गॅल्व्हनाइज केलेली आहे का. आधी गॅल्व्हनाइज केलेल्या तारेला नंतर वेल्डिंग केलं तर जोडावरचं जस्त जळून जातं आणि सशाच्या मुताने दीड-दोन वर्षांत तिथेच गंज धरतो. सांगाडा जीआय पाइपचा. लाकडी सांगाडा कोकणात मूत आणि पाऊस दोन्ही पिऊन कुजतो, शिवाय ससे तो कुरतडतात. पिंजऱ्याचा तळ जमिनीपासून ३ फूट उंच ठेवा, खालच्या लेंड्या फावड्याने ओढता आल्या पाहिजेत.

रानमेवा
जाळीदार यांच्याशी असहमत. ससा मातीतला प्राणी आहे, आयुष्यभर तारेवर ठेवला की टाचेला जखमा होतात. पक्की जोती, चार फुटी भिंत, आत भाताचा पेंढा पसरून माद्या एकत्र ठेवल्या तर त्या पळतात, स्नायू धरतात, आनंदात असतात. नर तेवढा वेगळा. युरोपात तर पूर्वी भिंतीने बांधलेल्या रानात ससे सोडून ठेवत.

जाळीदार
@रानमेवा, टाचेचं म्हणणं बरोबर आहे. त्यावर उपाय सोपा: प्रत्येक पिंजऱ्यात १० बाय १२ इंचांची गुळगुळीत फळी किंवा भोकांची प्लास्टिकची चटई. दोन ठेवाव्यात, एक धुवून उन्हात असली की दुसरी आत. वजनदार जातींना आणि पायाला केस कमी असलेल्या जनावरांना ही फळी हवीच. नखंही वाढू देऊ नका, नख लांब झालं की भार टाचेवर येतो.

बाकी युरोपातली ती रानं कोरड्या, थंड हवेतली. गुहागरात जून ते सप्टेंबर पेंढा कोरडा ठेवायचा म्हणजे रोज बदलायचा.

निवृत्त_पशुवैद्य
जमिनीवर न पाळण्याचं खरं कारण अजून कुणी लिहिलेलं नाही: कॉक्सिडिया, म्हणजे पोटातला सूक्ष्म परजीवी. आजारी सशाच्या लेंडीतून याची अंडी बाहेर पडतात. पडल्या पडल्या ती रोग देत नाहीत. ऊब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत पिकतात आणि मग पोटात गेली की लागण होते. म्हणजे ओला पेंढा हा त्यांचा उबवणीखाना. जाळीवर लेंडी खाली पडते, तोंडाशी येत नाही, साखळी तुटते. दूध तोडल्यानंतरची, ५ ते १० आठवड्यांची पिल्लं याने सगळ्यात जास्त मरतात. पोट फुगतं, हगवण लागते, पाठीचा कणा हाताला लागतो. यकृताचा प्रकार असेल तर यकृतावर पांढऱ्या-पिवळसर गाठी दिसतात.

पोफळीबाग
डॉक्टर, म्हणजे जुन्या खुराड्यातल्या कोंबड्यांचा कॉक्सिडिया सशांना लागेल ना? मग तर खुराडं मुळीच नको.

निवृत्त_पशुवैद्य
नाही, तो लागत नाही. कोंबडीचा कॉक्सिडिया कोंबडीलाच, सशाचा सशालाच, जाती वेगळ्या आहेत. पण दुसरा धोका आहे आणि तो जास्त मोठा: कोंबडीखाद्य. ब्रॉयलरच्या खाद्यात कॉक्सिडियावर म्हणून सॅलिनोमायसिन किंवा नारासिन घातलेलं असू शकतं. कोंबडीला ते मानवतं, सशाला विषारी आहे. 'थोडं उरलंय, सशांना घालतो' असं कधीही करू नका.

सोलापूरकर_४४
पावसाची चर्चा छान, पण सशाचा खरा शत्रू ऊन आहे. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता कानांतून बाहेर टाकतो. पारा ३० च्या वर गेला की खाणं कमी होतं, ३५ ला धापा टाकतो, त्यापुढे पत्र्याखालचा ससा दुपारी दोनला आडवा. तोंड उघडं, नाक ओलं, लाळ गळतेय असं दिसलं की लगेच सावलीत न्या, कान साध्या गार पाण्याने ओले करा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्क्याने जातो.

पत्र्यावर वीतभर पाचट घाला, बाजूंना ओली गोणपाटं लावा, दुपारी प्रत्येक पिंजऱ्यात पाणी भरून गोठवलेली एक लिटरची बाटली आडवी ठेवा. ससा तिला टेकून बसतो.

पोफळीबाग
गोणपाट सोलापुरात ठीक. कोरड्या हवेत पाणी उडतं म्हणून गारवा येतो. गुहागरात मे महिन्यात हवाच घामाने भिजलेली असते, ओलं गोणपाट ओलंच राहतं, वारा अडतो आणि आत भट्टी होते. कोकणात वारा हाच उपाय. दोन लांब बाजू पूर्ण उघड्या, फक्त जाळी. छपराचं नाक बाजूंपेक्षा ३ फूट पुढे, म्हणजे तिरका पाऊस आत येत नाही. नैर्ऋत्येच्या बाजूला नारळाची झापं टांगायची, पाऊस आला की सोडायची, उघडला की गुंडाळायची. बंद प्लास्टिक कापड लावाल तर आत मुताचा उग्र वास कोंडतो, डोळे चुरचुरतात आणि दोन आठवड्यांत सगळे ससे शिंकायला लागतात. आत उकिडवं बसून श्वास घेऊन पाहा. माणसाच्या नाकाला झोंबत असेल तर सशाच्या नाकाची वाट लागलेली आहे.

बाटलीला माझंही अनुमोदन.

सोलापूरकर_४४
मान्य, गोणपाट मागे घेतो. :)
पण नराबद्दल एक गोष्ट दोघांनाही लागू. उन्हाळ्यात तापलेला नर दिसायला तगडा असतो, उडीही मारतो, पण बीज मेलेलं असतं. नवं बीज तयार व्हायला सहा-सात आठवडे लागतात. म्हणून जूनमध्ये फळवलेल्या माद्या रिकाम्या निघाल्या की लोक मादीला दोष देऊन विकतात. नराची जागा गोठ्यातली सगळ्यात गार ठेवा.

तिखटमीठ
नर दोषी, मादीची बदली. सशांमध्येही तेच चाललंय.

चारापाणी
खुराकाकडे येतो. मूळ प्रश्नात 'पाल्यावर भागेल का' असं आहे. जगतील, पण वाढणार नाहीत. नुसत्या पाल्यावर पिल्लू २ किलोला यायला १६ आठवडे किंवा जास्त लागतात. गोळीखाद्य आणि पाला मिळून साधारण १२.

मोठ्या रिकाम्या मादीला आणि नराला रोज १०० ते १२० ग्रॅम गोळी. जास्त दिली की चरबी धरते आणि मग गाभण राहत नाही. व्यायलेल्या मादीला मात्र हात आखडू नका: पहिले तीन दिवस वाढवत न्या, नंतर खाईल तेवढं. गोळीत प्रथिनं १६-१८ टक्के आणि तंतू १४ टक्क्यांच्या आसपास हवेत. तंतू कमी पडला की आतडं मंदावतं आणि दूध तुटलेल्या पिल्लांना शेंबडासारखी हगवण लागते. म्हणून सुकं गवत चोवीस तास समोर, ते मोजायचं नाही.

गोळी मिळत नसेल तर घरचं मिश्रण, १०० किलोला: भरडलेला मका २२, गव्हाचा कोंडा ३०, सोयापेंड १३, सुकवून कुटलेला लसूणघास ३३, खनिज मिश्रण दीड, मीठ अर्धा किलो. प्रथिनं १७ च्या आसपास बसतात. पीठ कोरडं घालू नका, नाकात जातं आणि निम्मं खाली सांडतं. पाण्याचा हबका मारून भुसभुशीत करा, दोन तासांत जेवढं संपेल तेवढंच, उरलेलं काढून टाका.

शेंगदाणा पेंड कोकणात पावसाळ्यात नकोच. बुरशीचं अफ्लाटॉक्सिन सशाला फार थोड्या मात्रेत मारतं. सरकी पेंडही टाळा. खाद्याची गोणी जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, झाकणाचं पिंप घ्या, पावसात महिन्यापेक्षा जास्त साठा नको. वास कुबट आला तर कोंबड्यांनाही न घालता खड्ड्यात.

पाला: शेवगा, हादगा, तुती, फणसाची पानं, रताळ्याचे वेल, केळीची पानं, मारवेल, नेपियर. सुबाभूळ एकूण चाऱ्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, त्यातल्या मायमोसिनने केस गळतात. सकाळी कापलेला पाला संध्याकाळी, सुकवून, मलूल झाल्यावर. पावसात भिजलेला, ढीग करून गरम झालेला पाला घातला की पोट ढोलासारखं फुगतं. बांधावरचं गिरिपुष्प लोक शेळीला घालतात म्हणून सशालाही घालतात. त्याचं आपल्याकडचं नाव 'उंदीरमारी' आहे, यातच काय ते समजा. टणटणी, कण्हेर, एरंड, रुई, बटाट्याचा पाला: अजिबात नाही.

बागेश्री_२
आणि गाजर?

चारापाणी
गाजर म्हणजे पेढा. बोटाएवढा तुकडा, आठवड्यातून दोनदा. कोबी तर नकोच, गॅस धरतो. दात मात्र जन्मभर वाढत राहतात, म्हणून कुरतडायला बाभळीची किंवा सुबाभळीची हिरवी काडी कायम आत असू द्या. वरचे-खालचे दात एकमेकांवर न बसता वाकडे वाढत असतील तर बहुतेक वेळा तो दोष वंशात उतरतो, त्या जनावराची पैदास करू नका.

पाण्याचं राहिलं. अडीच-तीन किलोच्या सशाला पाव लिटर धरा, दूध पाजणारी मादी दिवसाला लिटरभर पिते. निपल (ससा चाटतो तेव्हा पाणी देणारी छोटी तोटी) लावणार असाल तर रोज प्रत्येक निपल बोटाने दाबून पाहायचं. एक चोंदलं की खाणं बंद, दुसऱ्या दिवशी दूध बंद. काळी नळी उन्हात असेल तर दुपारचं पाणी चहासारखं होतं. टाकी सावलीत.

मुग्धा_क
एक विचित्र प्रश्न. ससे पहाटे स्वतःचीच विष्ठा खातात असं वाचलं. ते पोषण कमी पडल्याने का?

निवृत्त_पशुवैद्य
नाही, ते सुदृढपणाचं लक्षण. मोठ्या आंधळ्या आतड्यात आंबून तयार झालेले मऊ, चिकट, द्राक्षाच्या घोसासारखे गोळे ससा थेट गुदद्वारातून तोंडात घेतो. त्यातून त्याला ब जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. ते गोळे पिंजऱ्यात पडलेले दिसू लागले तर मात्र खुराक जास्त झालाय किंवा जनावर आजारी आहे.

वेताची_वही
पैदाशीवर कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर.

मादी ५-६ महिन्यांची आणि अडीच किलोच्या वर गेली की फळवायची, नर ६-७ महिन्यांचा. नेहमी मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यायचं. उलट केलं तर मादी आपल्या जागेसाठी नराला चावते, कधी कधी कायमचं अधू करते. वेळ सकाळची, गार. योनी लालसर आणि ओलसर असेल तर घेते, फिकट पांढरी असेल तर परत आणा. नर एका अंगावर कोसळला, बारीक ओरडला, की झालं. दोन-तीन मिनिटांचं काम. मादीत बीज समागमानंतरच, सुमारे १०-१२ तासांनी सुटतं, म्हणून ८-१० तासांनी पुन्हा एकदा दाखवलं तर पिल्लं वाढतात.

१२ ते १४ व्या दिवशी पोट चाचपायचं. एका हाताने मानेची कातडी धरून मादी सपाट जागेवर, दुसरा हात मागच्या पायांच्या पुढे पोटाखाली, अंगठा एका बाजूला, बोटं दुसऱ्या बाजूला. करवंदाएवढ्या, गुळगुळीत, निसटणाऱ्या गाठी लागल्या तर गाभण. बारीक, कडक आणि एका ओळीत लागतात त्या लेंड्या. जोर लावू नका, गर्भ सुटतो. सोळा-अठरा दिवसांनी केस उपटून घरटं करायला लागली तर ती खोटी गाभण, लगेच फळवा, बहुधा राहते.

खरी गाभण ३० ते ३२ दिवसांची. २८ व्या दिवशी पेटी आत: १८ इंच लांब, १० रुंद, १० उंच, समोरची फळी ६ इंचांची, तळाला भोकं. आत कोरडा भाताचा पेंढा किंवा मऊ गवत. नारळाचा काथ्या आणि कापूस नको, पिल्लांच्या पायाला गळ्याला धागे आवळतात. लवकर ठेवली तर मादी पेटीत लघवी करून ठेवते.

व्यायलेल्या सकाळी मादीला बाहेर काढून, हात तिच्याच अंगावर चोळून पेटी तपासा. मेलेली पिल्लं, वार काढा, आकडा लिहा. ६ ते ८ असतात, वजन ५०-६० ग्रॅम. मादी दिवसातून एकदाच, तीन-चार मिनिटं पाजते, बहुधा पहाटे. 'मादी पेटीत जातच नाही' म्हणून घाबरू नका. पोट गोल टम्म आणि कातडी ताणलेली असेल तर पोटभर प्यायलंय, सुरकुत्या असतील तर उपाशी. थंडगार पडलेलं पिल्लू मेलं असं समजून टाकू नका, आधी फडक्यात गुंडाळून कोमट पाण्याच्या बाटलीशी ठेवा. ऊब आल्यावर बरीच हलतात. गार पिल्लाला दूध पाजू नका, पचत नाही.

दोन-तीन माद्या एकाच दिवशी फळवण्याचा फायदा इथे. एकीला १०, दुसरीला ४ झाली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत वाटून घेता येतात. आचळं ८ ते १०, त्यामुळे ८ पिल्लं खूप झाली.

डोळे १०-१२ दिवसांनी उघडतात. चौदाव्या दिवशीही चिकटलेले असतील तर कोमट उकळलेल्या पाण्याच्या बोळ्याने पुसून उघडा, आत पू साठून डोळा जातो. पेटी विसाव्या दिवशी बाहेर. दूध ५ आठवड्यांनी तोडायचं. पिल्लांना न हलवता मादीलाच दुसरीकडे न्या, जागा, खाद्य आणि आई एकाच दिवशी बदललं की हगवण ठरलेली. तीन महिन्यांच्या आत नर-मादी वेगळे.

तिखटमीठ
मादी स्वतःची पिल्लं खाते, ते खरं?

वेताची_वही
खाते. वितेवेळी पाणी संपलं, कुत्रं भुंकत राहिलं, सारखं कुणी डोकावलं, किंवा पहिलं वेत असलं तर. पाणी रात्री भरून ठेवा. दोन वेतांत सलग खाल्ली तर मादी बदला.

पण कोकणात मादीपेक्षा मुंग्या जास्त पिल्लं नेतात. लाल मुंग्या रात्रीत अख्खी पेटी साफ करतात. पिंजऱ्याचा प्रत्येक पाय रुंद डब्यात उभा करा, डब्यात पाणी आणि वर जळलेलं ऑइल. एखादं झाप किंवा दोरी भिंतीला टेकली की पूल तयार, तेही बघा. उंदरासाठी शेडच्या बाहेरची जाळी अर्ध्या इंचाची, सापालाही तीच.

कातळसडा
आमच्याकडे सड्यावर रानससे दिसतात. तोच पकडून पाळीव मादीला दाखवला तर काटक जात तयार होईल का?

निवृत्त_पशुवैद्य
होणार नाही आणि तुरुंग होईल. रानससा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. शिवाय दोन्ही प्राणी वेगळे. पाळीव ससा युरोपातल्या बिळातल्या सशापासून आलेला, गुणसूत्रं ४४. आपला रानससा ४८ चा. त्याची पिल्लं केसांसकट, डोळे उघडे घेऊन उघड्यावर जन्मतात, याची नागडी आणि आंधळी. मराठीत दोघांना एकच शब्द, म्हणून हा घोळ. या दोघांचा संकर म्हणजे सशाचं शिंग.

मुग्धा_क
कातळसडा, ससा सोडा, कासव पाळा.

लोकरीची_गुंडी
मांसापेक्षा अंगोरा पाळून लोकर विकता येणार नाही का? जीव घ्यायला नको.

पोफळीबाग
अंगोरा थंड हवेचा. म्हणूनच केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं त्यावरचं केंद्र कुलू खोऱ्यात गडसा इथे आहे. गुहागरच्या दमटात त्या लोकरीचा नमदा होईल आणि आतला ससा उकडून जाईल. त्याच संस्थेचं मांसाच्या सशांचं काम कोडाईकनालजवळ मन्नवनूरला चालतं. कोकणाला न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला ठीक.

बागेश्री_२
इतक्या गोंडस प्राण्याला कापून खायचं... माझ्याच्याने हा धागा पुढे वाचवणार नाही.

तिखटमीठ
कोंबडीच्या पिल्लाला आठवड्याचं असताना पाहा, मग बोलू. असो, ज्याचा त्याचा प्रश्न. चिऱ्याचं_घर यांनी पहिल्याच ओळीत हेतू लिहिलाय. फक्त कापायच्या जनावरांना मुलांना नावं ठेवू देऊ नका.

हिशेबी
आता आकडे. ३ माद्या, वर्षाला ४ वेतं, वेताला ५ जगलेली पिल्लं: ६० ससे. पाचवं वेत कागदावर बसतं, उन्हाळ्यात नाही. प्रत्येकी २ किलो जिवंत, त्यात मांस साधारण निम्मं: वर्षाला ६० किलो, म्हणजे आठवड्याला किलोभर.

खाद्य: चार मोठे ससे १२० ग्रॅमने १७५ किलो. माद्यांना दुधाच्या काळात जादा ५०-५५. पिल्लं दूध तुटल्यापासून २ किलोपर्यंत प्रत्येकी साडेपाच किलो धरली तर ३३०. एकूण ५६० किलोच्या आसपास. म्हणजे किलोभर मांसामागे ९ किलोंहून जास्त गोळी. तुमच्या तालुक्यातला गोळीचा भाव त्याने गुणा आणि शेजारी बोकडाच्या मटणाचा भाव लिहा. तिसरा हिस्सा पाल्याने भागवला तर आकडा सहाच्या जवळ येतो, पण मग १२ ऐवजी १४-१५ आठवडे थांबा.

विक्रीचं: केरळात सशाच्या मांसाला गिऱ्हाईक आहे, आपल्याकडे ते तयार करावं लागतं. मांस विकायचं तर अन्नसुरक्षा कायदा, २००६ खालची नोंदणी किंवा परवाना लागतो, आधी अन्न व औषध प्रशासनात विचारा.

आणि 'एक युनिट (नर-माद्यांचा संच) घ्या, पिल्लं आम्हीच परत घेऊ' असं सांगत कुणी आला तर एवढंच विचारा: परत घेतलेले ससे शेवटी कोण खातो? उत्तर 'नवीन शेतकऱ्यांना युनिट म्हणून देतो' असं असेल तर तो साखळी धंदा आहे, नवे शेतकरी संपले की खरेदी संपते. कडकनाथ कोंबडीच्या अशाच योजनेत २०१९ मध्ये शेतकऱ्यांचे पैसे कसे बुडाले ते सांगली-कोल्हापूरकडे सगळ्यांना माहीत आहे. 'प्रयोगशाळा विकत घेतात' हेही ऐकाल. प्रयोगासाठी प्राणी पुरवणाऱ्याला १९९८ च्या नियमांखाली वेगळी नोंदणी लागते, वाडीतला ससा तिथे चालत नाही.

निवृत्त_पशुवैद्य
+१. औषधांबद्दल तीन गोष्टी, छापून गोठ्यात लावा.

कानात तपकिरी खपल्या, डोकं झटकणं: कानाची खरूज. नाकावर, पंजावर पांढरी खपली: अंगाची खरूज. पावसात हमखास. आयव्हरमेक्टिन कातडीखाली, किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, १४ दिवसांनी पुन्हा. बाजारातलं १ टक्क्याचं इंजेक्शन म्हणजे मिलिलिटरला १० मिलिग्रॅम. अडीच किलोच्या सशाला ०.०५ मिलि, म्हणजे ४० युनिटवाल्या इन्सुलिन सिरिंजच्या दोन रेघा. गाईच्या सिरिंजने 'अंदाजे' दिलं की दहापट जातं. गाभण मादी किंवा लवकर कापायचं जनावर असेल तर डॉक्टरांना विचारूनच. अंगाची खरूज माणसालाही खाजवते, हातमोजे घाला. खपल्या ओढून काढू नका, रक्त येतं. त्या आपोआप गळतात.

दुसरं, ॲम्पिसिलिन, अमॉक्सिसिलिन, लिंकोमायसिन तोंडाने कधीही नाही. आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि चार-पाच दिवसांत ससा हगवणीने जातो.

तिसरं, कुत्र्याच्या गोचिडांवरचं फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

चिऱ्याचं_घर
सगळ्यांचे आभार, वहीच भरली. म्हणजे खुराडं बाद. ४ पिंजरे करून घेतो: एक नराचा, तीन माद्यांचे. बरोबर?

जाळीदार
चार नाही, सात. दूध तुटलेली १५ पिल्लं कुठे ठेवणार? वाढीच्या पिल्लांना ३ बाय २ च्या पिंजऱ्यात ५, फार तर ६. तीन माद्या एकदम फळवल्या की तीन पिंजरे तेवढ्यासाठी. सगळे मिळून दोन रांगा: एकीकडे माद्या, ९ फूट. दुसरीकडे वाढीचे तीन आणि गार टोकाला नर, ११ फूट. मधे ३ फुटांची वाट. १२ बाय ८ ची शेड पुरते.

पोफळीबाग
खुराड्याचे पत्रे फुकट घालवू नका. नव्या छपराच्या वर वीतभर अंतर सोडून तेच पत्रे दुसरा थर म्हणून बांधा, मधून वारा खेळतो, मे महिन्यात फरक पडतो. खाली जांभ्याचा उतार करून मूत एका चरात काढा. लेंड्या कोरड्या मिळाल्या तर पोफळीच्या बुंध्याला थेट घालता येतात, शेणासारख्या कुजवायला लागत नाहीत. मूत मिसळलं तर गांडुळं पळतात.

चिऱ्याचं_घर
आणि ससे कधी आणू? ओळखीचे एक जण जूनमध्ये देतो म्हणतात.

वेताची_वही
जूनमध्ये नको. नवी शेड, नवं खाद्य, पहिला पाऊस, सगळं एकदम होईल. ऑक्टोबर सरल्यावर आणा, ३-४ महिन्यांचे. फेब्रुवारीपर्यंत पहिलं वेत निघतं आणि उन्हाच्या आधी पिल्लं सुटी होतात. नर दुसऱ्या ठिकाणाहून घ्या, सख्खा नको.

घेताना: कानाच्या आत बोट घालून पाहा. पुढच्या पंजांची आतली बाजू बघा, तिथले केस चिकटून ताठ झाले असतील तर तो नाक पुसत असतो, सर्दीवाला आहे. ओठ वर करून दात, शेपटीखाली हगवणीचा डाग, टाच. कान धरून उचलून दाखवणाऱ्याकडून घेऊ नका. एक हात मानेच्या कातडीला, दुसरा ढुंगणाखाली. पाय हवेत झाडले तर कणा मोडतो. प्रवास रात्रीचा. त्यांचंच खाद्य दोन किलो मागून घ्या आणि आठ-दहा दिवसांत हळूहळू बदला. दोन ठिकाणचे ससे पहिले १५ दिवस एकमेकांपासून लांब.

तिखटमीठ
म्हणजे पावसाळाभर फक्त पिंजरे आणि शेवग्याची रोपं.

चिऱ्याचं_घर
हो. पिंजऱ्यांची ऑर्डर उद्या देतो, सात. शेवगा आणि हादगा बांधावर लावतो. बांधावरच्या उंदीरमारीची खूण करून ठेवतो, आमचे गडी तोच पाला आधी तोडतात.

चारापाणी
खूण नको, गड्याला झाड दाखवून सांगा. सुकल्यावर तो पाला ओळखू येत नाही.